तिरोड्यातून पहिली परदेशवारी: श्रीलंकेची शहरं, प्राचीन तलाव आणि समुद्रकिनारा

नकाशावर तिरोड्यातून सरळ दक्षिणेकडे रेघ ओढली, तर ती सुमारे १,६०० किलोमीटरवर कोलंबोच्या अगदी जवळ पोहोचते. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच रेखांशावर आहेत. श्रीलंकेची प्रमाणवेळही भारताचीच, त्यामुळे घड्याळ बदलावं लागत नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर जाणाऱ्या कुटुंबाला शहर, प्राचीन अवशेष आणि समुद्र असं तिन्ही एका आठवड्यात पाहायचं असेल, तर श्रीलंका सोयीची पडते.

आधी पासपोर्ट, मग तिकीट

गोंदिया जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. अर्ज ऑनलाइन भरून भेटीची वेळ घ्यावी लागते. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टचं नेहमीचं शुल्क १,५०० रुपये असून तो १० वर्षं चालतो. अर्ज अडतो तो बहुधा नावामुळे. आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं स्पेलिंग असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं. पोलीस पडताळणीलाही वेळ लागू शकतो, म्हणून पासपोर्ट हातात येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नये.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. तो ठरावीक देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांना लागू होतो. श्रीलंकेच्या सहलीला त्याची अडचण येत नाही.

श्रीलंकेत प्रवेशासाठी ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी असते. तिचे आणि शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत. त्यामुळे निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरच खात्री करावी. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात.

कसं पोहोचायचं?

तिरोडा हावडा-मुंबई रेल्वेमार्गावर आहे. तिथून रेल्वेने नागपूर आणि पुढे विमानाने चेन्नईमार्गे कोलंबो हा सरळ रस्ता. चेन्नई ते कोलंबो उड्डाण साधारण दीड तासाचं आहे. विमानतळ कोलंबो शहरात नसून उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर कटुनायके इथे आहे. अनुराधापूरला आधी जायचं असेल, तर तिथूनच परस्पर निघता येतं.

तलावांच्या जिल्ह्यातून तलावांच्या राजधानीत

गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला अनुराधापूर ओळखीचं वाटेल, कारण तिथेही भातशेती तलावांवर उभी राहिली. माजी मालगुजारी तलावांसारखंच तंत्र इथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून वापरात होतं: पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं आणि कालव्यांनी शेतात न्यायचं. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कलावेव हा प्रचंड तलाव बांधला. त्यातून निघणारा ‘योध एळ’ कालवा सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा आहे. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटीमीटर ठेवला होता.

याच धातुसेनाला त्याचा मुलगा कश्यप याने सत्तेसाठी ठार केलं. प्राचीन बखरीत गोष्ट अशी येते की, खजिना कुठे आहे असं विचारल्यावर राजाने तलावाचं पाणी दाखवलं आणि आपली संपत्ती एवढीच, असं सांगितलं. पुढे कश्यपाने सुमारे १८० मीटर उंच खडकावर सिगिरियाचा राजवाडा उभारला. आज पर्यटक सुमारे १,२०० पायऱ्या चढून तिथे जातात. उन्हाआधी, पहाटे लवकर चढणं चांगलं.

अनुराधापूरचा महाबोधी वृक्ष हा सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेहून नेलेल्या फांदीपासून वाढला, अशी परंपरा आहे. जेतवन स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता, आणि तोही विटांचा.

कँडी: विदर्भाशी असलेला धागा

कँडीत बुद्धाच्या दंतधातूचं मंदिर आहे. मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथल्या जागतिक बौद्ध परिषदेला उपस्थित होते. सहा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

गाले आणि किनारा

कोलंबोहून गालेला जाणारी रेल्वे बराच वेळ समुद्राला लागून धावते. गालेचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला, १६४० मध्ये डचांनी जिंकून तो वाढवला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या तटबंदीने आतली वस्ती बरीच वाचवली. त्याच किनाऱ्यावर पेरालिया इथे मात्र लाटांनी रेल्वेगाडी उलटवली आणि १,७०० हून अधिक जीव गेले. समुद्र नवखा असेल तर लाल झेंडा दिसताच पाण्यात उतरू नये.

कधी जावं?

दक्षिण-पश्चिम किनाऱ्यासाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. मे ते सप्टेंबर तिथे पावसाळा असतो. त्या दिवसांत पूर्वेकडचं त्रिंकोमाली बरं. म्हणजे उन्हाळी सुटीत जाणाऱ्यांनी किनारा विचारपूर्वक निवडायला हवा.

फोटो काढताना

- बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं अपमान मानलं जातं. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल फ्रेंच पर्यटकांना न्यायालयाने स्थगित कारावासाची शिक्षा दिली होती.
- मंदिरात चपला-टोपी काढावी. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.
- काही प्राचीन स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना तिकिटात सवलत मिळते. त्यासाठी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.