दमाचा हिशेब

रस्त्यावरची पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत सुटताना कधी पाहिली आहे का? नसेल, तर एखाद्या रविवारी पहाटे जरूर पाहा. इशारा होतो आणि घोळका असा उसळतो, जणू पुढच्या चौकातच बक्षीस मांडून ठेवलं आहे. पहिला किलोमीटर हसतखेळत जातो. मग हळूहळू गप्पा बंद होतात, आणि पुढे कितीतरी मंडळी कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेनं चालू लागलेली दिसतात. त्यांचे पाय कमजोर असतात असं नव्हे. त्यांचा वेगाचा अंदाज चुकलेला असतो. दम शिल्लक ठेवून शर्यत संपवली तर हळू पळालो, आणि दम आधी संपला तर फार जोरात पळालो. मग नेमकं किती वेगानं पळावं?

हा अंदाज आकड्यांत बांधण्याचा एक मोठा प्रयत्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाला. तो करणारा माणूस ना नामांकित धावपटू होता, ना डॉक्टर. तो विजेचा इंजिनिअर होता, आणि त्याचा जन्म आपल्या मुंबईतल्या कुलाब्याचा.

आर्थर केनेली त्याचं नाव. जन्म १८६१ सालचा. किशोरवयातच तो तारायंत्राच्या नोकरीत शिरला, पुढे अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत काम केलं आणि १९०२ साली हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. वातावरणात खूप उंचावर रेडिओलहरी परतवणारा एक थर असला पाहिजे, असं त्यानं त्याच वर्षी सुचवलं. इंग्लंडच्या हेविसाइडनंही तेच म्हटलं, म्हणून तो थर दोघांच्या नावानं ओळखला जातो. रात्री दूरच्या केंद्राचा आवाज खरखरत का होईना आपल्या रेडिओवर येतो, त्यात या थराचा हात असतो. तेव्हा केनेलीची आठवण रेडिओवरून काढणं तसं न्यायाचंच.

या गृहस्थानं १९०६ साली एक वेगळाच निबंध प्रसिद्ध केला, शर्यतीतल्या प्राण्यांच्या थकव्याबद्दल. घोड्यांचे विक्रम, माणसांचे धावण्याचे, चालण्याचे, पोहण्याचे, होडी वल्हवण्याचे विक्रम, सगळे त्यानं एकत्र मांडले. हाती आलं ते असं : अंतर दुप्पट केलं, तर लागणारा वेळ दुप्पट होत नाही, त्याहून सुमारे नऊ टक्के जास्त होतो. घोडा असो की माणूस, थकवा साधारण एकाच चालीनं वाढत जातो. आणि विक्रम करायचा असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग एकसारखा ठेवावा, असा त्याचा निष्कर्ष होता.

कागदावरची ही गोष्ट मैदानात दिसली ती फिनलंडच्या पावो नुर्मीमुळे. हा अबोल माणूस हातात स्टॉपवॉच धरून पळायचा. शेजारी कोण आहे यापेक्षा त्याचं लक्ष काट्याकडे असे. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं १५०० आणि ५००० मीटर या दोन्ही अंतिम शर्यती एकाच दिवशी जिंकल्या. शेवटच्या टप्प्यात तो घड्याळ गवतावर टाकून द्यायचा, असं सांगतात. तोवर घड्याळाचं काम झालेलं असायचं.

पण सुरुवातीला आपण फसतो का? याचं उत्तर शोधणाऱ्यांत ए. व्ही. हिल हा ब्रिटिश शास्त्रज्ञ अग्रभागी होता. स्नायूंच्या उष्णतेवरील कामासाठी त्याला १९२२ सालचं नोबेल मिळालं. तो स्वतः पळणारा. धावपटूच्या पाठीवर पिशवी बांधून त्यात उच्छ्वासाची हवा गोळा करायची आणि किती प्राणवायू खर्च झाला ते मोजायचं, असे त्याचे प्रयोग. त्यानं शब्द वापरला तो प्राणवायूच्या कर्जाचा. त्याच्या सिद्धान्तातला काही भाग पुढे बदलला, पण मूळ गोष्ट टिकली. पळायला लागल्यावर शरीराचा प्राणवायूचा पुरवठा गरजेपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर काम उधारीवर चालतं. म्हणून पहिल्या किलोमीटरला छातीवर विश्वास ठेवू नये; ती तेव्हा खरं बोलत नसते.

अर्थात, एकसारखा वेग ही वेळेशी लढणाऱ्याची नीती. माणसाशी लढताना गणित बदलतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटरला सोव्हिएत संघाच्या कुट्झनं मध्येच जोर करायचा, पुन्हा सैल व्हायचं, असं करून ब्रिटनच्या पिरीला पार मोडून काढलं. पिरी आठवा आला. त्याच पिरीनं काही महिन्यांपूर्वी ५००० मीटरला विश्वविक्रम करत याच कुट्झला हरवलं होतं! पण आपल्यासारख्यांच्या मागे कुट्झ लागलेला नसतो, तेव्हा केनेलीच बरा.

केनेलीचा आकडा मात्र पुढे सुधारला गेला. अमेरिकेतला पीटर रीगल हाही इंजिनिअरच, आणि मॅरेथॉन पळणारा. १९७७ साली त्यानं फक्त दमाच्या शर्यतींचे, म्हणजे साडेतीन मिनिटांपासून सुमारे पावणेचार तासांपर्यंतच्या शर्यतींचे विक्रम विचारात घेऊन सूत्र दिलं. त्यात अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीहून चारेक टक्केच वाढतो. समजा, तुम्ही पाच किलोमीटर २५ मिनिटांत पळालात. रीगलच्या हिशेबानं दहा किलोमीटरला सुमारे ५२ मिनिटं ७ सेकंद लागतील. म्हणजे दर किलोमीटरला पाच मिनिटांऐवजी पाच मिनिटं तेरा सेकंद. या तेरा सेकंदांवर सारा खेळ आहे. तुम्ही पहिला किलोमीटर पावणेपाचात मारलात, तर उरलेल्या नऊत त्याची वसुली होते, आणि तीही व्याजासकट.

दोन गोष्टी मात्र सूत्रात नाहीत. सूत्र धरून चालतं की लांबच्या अंतराचा सरावही तुम्ही तेवढाच केला आहे. आणि सूत्राला चढ माहीत नाही. मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढावर घड्याळातला वेग राखायला गेलात, तर तो राखता राखता दमच जाईल. तिथे वेग नव्हे, श्वास एकसारखा ठेवायचा.

आणि हो, हिशेबाला आधी अंतर खरं हवं. मैदानाची फेरी ठरलेली असते, रस्ता वळणावळणाचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत सायकलच्या चाकाला लावायचा जोन्स काउंटर हा छोटा मोजक आला, आणि प्रमाणित शर्यतींचे रस्ते अशा सायकलींनी मोजले जाऊ लागले. रीगलनंही पुढे बरीच वर्षं याच कामात घातली. चुकून रस्ता आखूड भरू नये म्हणून मोजणारे दर किलोमीटरला एक मीटर जास्तच धरतात. म्हणजे प्रमाणित दहा किलोमीटरच्या शर्यतीत दहा मीटर जादा असतात. किलोमीटरला सहा मिनिटं घेणाऱ्याला त्यासाठी साडेतीन सेकंद जास्त लागतात. तेवढे हिशेबात धरून ठेवा.