वऱ्हाडाबरोबर निघालेले सूर

मंगलवाद्यांवाचून विवाहाला शोभा नाही, ही भावना केवळ भारतातच आहे असे नव्हे. पूर्व युरोपातील यिद्दिश बोलणाऱ्या यहुदी समाजातही वाजंत्र्यांवाचून लग्न पार पडत नसे. या वाजंत्र्यांना 'क्लेझ्मर' म्हणत. 'गीताची साधने' अशा अर्थाच्या दोन हिब्रू शब्दांपासून हे नाव बनले. प्रारंभी ते वाद्यांना लावीत, पुढे ते वादकाचे झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या संगीतालाच चिकटले. कोकणातील बेने इस्रायलांच्या परंपरेशी या संगीताचा संबंध नाही. त्याचे माहेर पोलंड, युक्रेन, रुमानिया आणि बेसारबिया येथील खेडीपाडी.

व्हायोलिन आणि संतूरच्या जातीचे 'त्सिम्बल' ही या ताफ्यांची जुनी वाद्ये; क्लॅरिनेट एकोणिसाव्या शतकात पुढे आले. वाजंत्र्याला पोटासाठी गावोगाव हिंडावे लागते, आणि ज्या गावी जावे तिथला नाच वाजवावा लागतो. बेसारबियात तर यहुदी आणि रोमा, म्हणजे जिप्सी, वादक पुष्कळदा एकत्र बसून वाजवीत. त्यातूनच 'होरा', 'सिर्बा' आणि 'बुल्गार' ही नृत्ये यहुदी लग्नमंडपात शिरली. बाल्कन प्रदेशाचे ऋण असे नावांतच उमटलेले आहे.

१८८१ नंतर रशियातील दंगलींमुळे आणि दारिद्र्यामुळे लक्षावधी यहुदी अमेरिकेस गेले. त्यांच्याबरोबर हे सूरही गेले. नाफ्तुले ब्रांडवाइन व डेव्ह टारास या क्लॅरिनेटवादकांच्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये निघाल्या. परंतु १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दार जवळजवळ बंद झाले. आणि दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सुमारे साठ लक्ष यहुद्यांची हत्या केली. ज्या गावांत हे संगीत जन्मले, तेथे नवरानवरीही उरली नाहीत आणि वाजंत्रीही उरले नाहीत. अमेरिकेतील नव्या पिढीला वडिलांचे सूर जुनाट वाटू लागले होते.

या संगीताच्या पुनरुज्जीवनाचा मार्ग बाल्कन संगीतातूनच निघाला, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'द क्लेझ्मोरिम' हा वाद्यवृंद निघाला; त्याचे संस्थापक आधी बाल्कन संगीतात रमलेले होते. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'बाल्कन आर्ट्स सेंटर' या संस्थेने वयोवृद्ध टारास यांची मैफल भरविली आणि तरुण वादकांना जिवंत गुरू लाभला.

पुढे १९८६ साली त्याच शहरात 'द क्लेझ्मॅटिक्स' हा वृंद उभा राहिला. त्याने यिद्दिश गीतांना जाझ, रॉक आणि बाल्कन लयींची जोड दिली. त्याच्या पहिल्या संग्रहाचे नाव 'मौन म्हणजे मरण' अशा अर्थाचे होते. एड्सग्रस्तांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांची ती घोषणा यिद्दिशमध्ये आणून, या वृंदाने मृत मानलेल्या भाषेला वर्तमानाविषयी बोलावयास लावले. आणि तो संग्रह प्रकाशित केला बर्लिनच्या एका कंपनीने! वृंदाचे तुतारीवादक फ्रँक लंडन यांनी सर्बियातील रोमा वादक बोबान मार्कोविच यांच्या ताफ्याबरोबरही वाजविले. लोकगायक वूडी गथ्री यांच्या अप्रकाशित गीतांना चाली देऊन केलेल्या 'वंडर व्हील' या संग्रहास २००७ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. गथ्री स्वतः यहुदी नव्हते. पण त्यांच्या सासूबाई अलिझा ग्रीनब्लाट या यिद्दिश कवयित्री होत्या.

अशा मिश्रणाने मूळ संगीत भ्रष्ट होत नाही काय, अशी शंका कोणास येईल. पण ज्याला मूळ म्हणावे, तेही शेजाऱ्यांच्या सुरांनीच घडलेले होते. खरी हानी निराळीच आहे. पूर्वी समोर वऱ्हाड असे आणि त्याला शब्द न् शब्द कळत असे. आज समोर तिकीट काढून आलेला श्रोता असतो, आणि यिद्दिश समजणारे त्यात थोडे. ती हानी भरून काढणे कोणत्याही वाद्यवृंदाच्या हाती नाही. सूर थांबू न देणे एवढेच त्याच्या हाती असते, आणि तेवढे या वादकांनी केले आहे.