चीनचा उत्कर्ष आणि पश्चिमेचा हात

सौंसर तालुका कापसाचा आणि संत्र्यांचा; त्यातील बोरगावास रेमंडची कापडगिरणीही आहे. अशा गावी चीनच्या वैभवाची चर्चा अस्थानी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनमध्ये खपत असे. आज कापडाच्या निर्यातीत चीन जगात अग्रेसर आहे.

हे वैभव पश्चिमेचे दान होय, असे पुष्कळ जण म्हणतात. इतिहास काय सांगतो? पश्चिमेने चीनचे दार प्रथम तोफांनी फोडले. आपल्याच माळव्याची अफू मुंबईमार्गे कँटनला जाई. मुंबईच्या कित्येक पेढ्या तिच्यावरच गबर झाल्या. चीनने ती रोखताच इंग्रजांनी १८३९ साली युद्ध पुकारले आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग घेतले.

१९७८ नंतर पश्चिमेचे भांडवल पुन्हा आले. पण या खेपेस अटी चीनच्या होत्या. १९८० साली शेन्झेनचे खास क्षेत्र झाले, २००१ साली जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाला. पश्चिमेस स्वस्त माल मिळाला. व्यापारामागून लोकशाही येईल ही तिची आशा मात्र फोल ठरली.

तात्पर्य, भांडवल आणि गिऱ्हाईक पश्चिमेचे, श्रम आणि धोरण चीनचे. परंतु त्या श्रमिकास स्वतंत्र संघटनेचा अधिकार कधीच मिळाला नाही. लक्ष्मी कोणाच्या घरी गेली एवढेच पाहून भागत नाही. ती कोणाच्या घामातून आली हे विचारणे, हाही धर्मच होय.