डिजिटल भटकंती
ठरावीक कार्यालयाविना, संगणक व इंटरनेटच्या आधारे देशोदेशी राहून उपजीविका करण्याची पद्धत. पर्यटक व्हिसावर असे काम करण्यास अनेक देशांत मनाई असते. म्हणून एस्टोनियाने २०२० मध्ये यासाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला. मलेशियाचा ‘डीई रांताऊ’ (२०२२) व थायलंडचा ‘डीटीव्ही’ (२०२४) हे आशियातील तुलनेने स्वस्त पर्याय होत. डीटीव्ही पाच वर्षे वैध असून त्यासाठी पाच लाख बाहतची शिल्लक दाखवावी लागते.

ही अट हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातील तरुणांना जड जाते. कोणत्याही भारतीयाप्रमाणे त्यांनाही सर्वांत सुलभ देश म्हणजे नेपाळ. तेथे व्हिसा लागत नाही आणि १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारात निवास व व्यापाराबाबत परस्परांच्या नागरिकांना समान सवलती मान्य केल्या आहेत. १०० भारतीय रुपयांस १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर असल्याने खर्चाचा अंदाज नेमका बांधता येतो. भूतानलाही व्हिसा नको, मात्र भारतीय पर्यटकांना प्रतिदिन १,२०० रुपये शुल्क पडते.

आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहणारी व्यक्ती करासाठी येथील निवासी ठरते. त्यामुळे प्रवासाच्या तारखांची नोंद जपणे आवश्यक असते.