मानसिक आजाराचा अनुभव : साक्ष कोणाची?

मनोविकारांच्या दवाखान्यातील केसपेपर हा एक लेखनप्रकार आहे, या दृष्टीने साहित्याचे अभ्यासक त्याकडे सहसा पाहत नाहीत. पाहावयास हवे. रुग्णाची मुख्य तक्रार त्यात त्याच्याच शब्दांत नोंदवण्याचा प्रघात आहे, म्हणजे एक-दोन वाक्यांपुरता तो निवेदक असतो. पुढची हकीकत बहुधा सोबत आलेला नातेवाईक सांगतो, आणि त्याची माहिती विश्वासार्ह व पुरेशी आहे का, याचीही नोंद होते. शेवटी रुग्णाला आपल्या आजाराची जाणीव आहे की नाही, हे लिहिले जाते. ‘मी आजारी नाही’ असे तो म्हणाला, तर ते म्हणणेच आजाराची खूण ठरू शकते. ज्याच्याविषयी हे सारे लेखन आहे, त्याची साक्ष अशी आरंभीच बाद होण्याची शक्यता असते. संशोधन पुढे अशाच नोंदींवर उभे राहते.

अनुभवाला ज्ञानाचा दर्जा द्यायचा की नाही, हा वाद मराठी समीक्षेला नवा नाही. नाशिकजवळच्या विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. ‘हे साहित्य की समाजशास्त्राचा कच्चा माल?’ असा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला जात होता. आज तो विचारताना कोणीही संकोचेल. सहानुभूतीने लिहिणे आणि सोसून लिहिणे यांतील अंतर आपण वर्गात शिकवतो. मात्र मानसिक आजाराशी गाठ पडली, की तेच अंतर आपण विसरतो, असे आम्हांस वाटते. मराठी कथा-कादंबऱ्यांतला वेडा बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून दिसतो. त्याचे हसणे, बडबडणे, उंबऱ्यावर बसून राहणे आपल्याला दिसते. त्याचा युक्तिवाद क्वचितच ऐकू येतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न ज्ञानाचा प्रश्न म्हणून सर्वांत ठामपणे मांडला तो पुण्याच्या भार्गवी दावर यांनी. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत ठेवले गेले होते, आणि ती दुनिया दावरांनी लहानपणीच पाहिली होती. पुढे मुंबईच्या आयआयटीत त्यांनी तत्त्वज्ञानाच्या अंगाने मानसशास्त्रांच्या पायाचाच अभ्यास केला. भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचे त्यांचे पुस्तक १९९९ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी आईच्या नावाने ‘बापू ट्रस्ट’ उभा राहिला. ‘मन आणि विमर्श यांवरील संशोधनासाठी’ असे त्याच्या इंग्रजी नावाचे शेपूट आहे. ‘विमर्श’ हा शब्द दवाखान्याच्या पाटीवर सापडणार नाही; तो आपल्या शाखेचा आहे. ट्रस्टच्या ‘आईना’ या पत्रिकेत मनोविकारतज्ज्ञ, वकील, कार्यकर्ते यांच्या बरोबरीने उपचारांतून गेलेली माणसेही लिहीत. त्यांचा मजकूर चौकटीतली करुण कहाणी म्हणून येत नसे, उपचारपद्धतीवरचा अभिप्राय म्हणून येई. हा फरक आम्हांस फार मोलाचा वाटतो. दावर मे २०२४ मध्ये गेल्या.

जगात याचे दाखले जुने आहेत. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स यांनी १९०८ साली मनोरुग्णालयांतील आपले अनुभव पुस्तकरूपाने मांडले आणि त्यातून सुधारणेची एक चळवळ उभी राहिली. ‘स्किझोफ्रेनिया बुलेटिन’ या संशोधनपत्रिकेने १९७९ पासून रुग्णांच्या व कुटुंबीयांच्या स्वकथनांना जागा दिली.

‘कुटुंबीय’ या शब्दापाशी मात्र थांबावे लागते. मूळचे धुळ्याचे आणि कॅनडात कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाच्या अनुभवातून पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही वाणींचेच पाठबळ होते. मराठी घरांत या आजाराचे नाव उच्चारले जाऊ लागले, त्यात या चित्रपटाचा वाटा मोठा आहे. पण ‘देवराई’त शेषइतकीच त्याच्या बहिणीची, सीनाची, दमछाक आपल्यापर्यंत पोहोचते. सांभाळणाऱ्याची साक्ष खरी असते आणि तिची गरजही असते. तरी ती सोसणाऱ्याची साक्ष नव्हे. कधी कधी तर दोघांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, कारण दाखल करण्याच्या कागदावर सही नातेवाइकाची असते. पुण्याच्याच रेश्मा वल्लियप्पन यांनी २०१५ साली स्किझोफ्रेनियासह जगण्याचे आत्मकथन लिहिले, तेव्हा ही दुसरी बाजू ग्रंथरूपात आली. आली ती इंग्रजीत.

कायद्याने दरम्यान एक पाऊल टाकले. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेड होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार माणसाला दिला. केसपेपराच्या शेजारी आता रुग्णाने स्वतः लिहिलेला, कायदेशीर वजन असलेला एक मजकूर असू शकतो. संमतीविना दाखल करण्याची वाट मात्र या कायद्यातही शिल्लक आहे, आणि दावरांचा त्याला विरोध होता.

राहता राहिला प्रश्न लिहू न शकणाऱ्यांचा. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांत अडकवलेली २८ माणसे आगीत जळून मेली, आणि दर्गे व देवस्थाने एकजात संशयित ठरली. त्यानंतर दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातील दर्ग्यांमध्ये जाणाऱ्या माणसांना तेथे काय मिळते याचा अभ्यास केला. तो २००९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. त्यांच्या निष्कर्षांशी कोणी सहमत व्हावे असे नाही, पण प्रश्न कोणाला विचारायचा याची दिशा त्यांनी बदलली. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या पेठ तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली यांची वस्ती आहे. तेथल्या पाड्यावर एखादीला झोप येईनाशी झाली, कानांत आवाज येऊ लागले, की घरचे तिला आधी भगताकडे नेतात. तेथे ती आपल्या बोलीत बोलते. पुढे कधी घाट चढून नाशिकला यावे लागलेच, तर तिची हकीकत सोबतचा भाऊ जमेल तशा मराठीत सांगतो, आणि डॉक्टर ती इंग्रजीत उतरवून घेतात.