खार व दयाळ : वर्गीकरण आणि संरक्षण

मुंबई उपनगरांत, बोरिवली व मुलुंड यांच्या दरम्यानच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आणि अंधेरी, घाटकोपर येथील जुन्या बागांत, पट्टेदार खार व दयाळ हे प्राणी आढळतात. खार ही स्तनी वर्गातील कृंतक (कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या) गणाच्या सायूरिडी कुलातील असून दयाळ हा पक्षिवर्गातील पॅसेरिफॉर्मीस गणाच्या मस्किकॅपिडी कुलातील गाणारा पक्षी आहे. दोघांच्या वर्गीकरणाचा इतिहास मात्र भिन्न आहे. खारीचे कुल कायम राहून एका जातीच्या दोन जाती झाल्या. दयाळाची जाती कायम राहून कुल बदलले.

लिनीअस यांनी १७६६ मध्ये पट्टेदार खारीला सायूरस पामेरम हे नाव दिले. पुढे तिचा समावेश फ्युनॅम्ब्युलस प्रजातीत झाला. पाठीवर तीन व पाच फिकट पट्टे असलेल्या खारी बराच काळ याच नावाखाली गणल्या जात. आर. सी. रॉटन यांनी १९०५ मध्ये पाच पट्ट्यांची खार (फ्यु. पेनँटाय) ही स्वतंत्र जाती म्हणून वर्णिली. तिचा मूळ नमुना सुरत जिल्ह्यातील मांडवी तालुक्यातील होता. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) १९११ मध्ये हाती घेतलेल्या स्तनी प्राण्यांच्या सर्वेक्षणातील नमुन्यांवरही त्यांनी काम केले.

दयाळाचे नामकरण लिनीअस यांनीच १७५८ मध्ये केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस असे आहे. तो पूर्वी कस्तुराच्या टर्डिडी कुलात गणला जाई. रेणवीय अभ्यासानंतर त्याला माशीमार पक्ष्यांच्या कुलात स्थान मिळाले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत या खारी व दयाळ ‘किमान चिंतेच्या’ श्रेणीत आहेत. ही श्रेणी जातीच्या संपूर्ण प्रसारक्षेत्रावरून ठरते. एखाद्या उपनगरातील स्थिती तीवरून कळत नाही. सिंगापूरमध्ये एके काळी विपुल असलेला दयाळ, मुख्यतः पिंजऱ्यासाठी पकडला गेल्याने, विसाव्या शतकात दुर्मिळ झाला. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला पकडणे गुन्हा आहे.

कायदा प्राण्याला संरक्षण देतो. परंतु निवाऱ्याचा प्रश्न उरतो. खार फांद्यांत काड्या व तंतूंचे घरटे बांधते, तर दयाळ झाडांच्या ढोलीत वा भिंतीच्या भोकात अंडी घालतो. जुनी, पोकळ झाडे तोडली गेल्यास खारीला दुसरे झाड चालू शकते. दयाळाची ढोली मात्र नव्या रोपाने लगेच भरून निघत नाही. म्हणून समान श्रेणीतील या दोन प्राण्यांच्या संरक्षणाचा विचार वेगवेगळाच करावा लागतो.