जुगाराचा कायदा आणि सभिकाची नाल

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर जुगारासारखा विषय कशाला, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या घरात पत्त्यांचा जोडसुद्धा दिवाळीच्या सुट्टीतच बाहेर निघे, त्या घरातल्या मुलाच्या खिशात गेल्या काही वर्षांत अख्खा अड्डा जाऊन बसला. पूर्वी अड्ड्यावर जायला गल्ली ओलांडावी लागे, ओळखीचे कोणी पाहील ही धास्ती असे. मोबाइलवरच्या पोकरने ती गल्लीही उरू दिली नाही आणि धास्तीही. तेव्हा या विषयाचा इतिहास पाहणे हे आम्ही आजचे कर्तव्यच समजतो.

पोकर हा परदेशी पत्त्यांचा खेळ. त्याच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन पाने येतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये मांडली जातात. पाने नशिबाची, पण पैसे किती लावायचे, केव्हा माघार घ्यायची, हाती काही नसताना समोरच्याला कसे दबकावायचे, हे खेळणाऱ्याच्या अकलेवर अवलंबून असते. म्हणून जाहिरातींनी आपल्याला वर्षानुवर्षे सांगितले की, हा जुगार नव्हे, हा कौशल्याचा खेळ आहे. हा युक्तिवाद खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग कोठे गेला, याचा शोध आज घ्यावयाचा आहे.

आपल्याकडे द्यूताची कथा फार जुनी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त हा एका हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. फाशांच्या पायी त्याची पत्नी दुरावली आहे, आई शोक करीत आहे आणि कर्जाच्या भीतीने तो रात्री दुसऱ्यांच्या घरांकडे वळतो आहे. हस्तिनापूरच्या सभेतले द्यूत तर सांगायलाच नको. धर्मशास्त्रकारांत मात्र या बाबतीत एकमत नव्हते. मनूने द्यूताला उघड चोरीच्या पंक्तीला बसवले आणि राजाने ते राज्यातून हद्दपार करावे असे सांगितले. याज्ञवल्क्याने दुसरा मार्ग धरला. राजाच्या देखरेखीखाली ते चालू द्यावे, असे त्याचे मत.

कौटिल्याची दृष्टी सर्वांहून व्यवहारी. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमलेला आहे. खेळ त्याने नेमून दिलेल्या एकाच ठिकाणी व्हावा. अन्यत्र खेळेल त्याला बारा पणांचा दंड. हेतू असा की, गुप्तपणे उपजीविका करणारे लोक तेथे आपोआप हाती लागावेत. जिंकलेल्या रकमेतून अध्यक्षाने शेकडा पाच घ्यावे; शिवाय फाशांचे भाडे, पाण्याचे आणि जागेचे पैसे वेगळे. याज्ञवल्क्यही अड्डा चालवणाऱ्याचा वाटा ठरवून देतो. शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, इतरांकडून शेकडा दहा. या अड्डेवाल्याला संस्कृतात ‘सभिक’ म्हणतात. हा शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावा, कारण आजच्या कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तोच आहे.

सभिक कसा असतो हे पाहायचे असेल तर शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ वाचावे. दुसऱ्या अंकात दहा सुवर्ण हरलेला संवाहक पळत सुटतो आणि देवळात मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. सभिक माथुर त्याचा माग काढत तेथेच येतो. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला चैन पडेना! शेवटी वसंतसेनेने कडे पाठवून कर्ज फेडले तेव्हा त्याची सुटका झाली. प्रेक्षक संवाहकाला हसतात आणि ते साहजिकच आहे. पण त्या प्रसंगात ज्याला कोणाचेही देणे नाही आणि ज्याचे सर्वांकडे येणे आहे असा एकच मनुष्य आहे, हे हसण्याच्या भरात विसरले जाते.

आता इंग्रजी अमलाकडे येऊ. पाटण्याच्या अफूला कलकत्त्याच्या सरकारी लिलावात काय भाव येईल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा लावीत. त्यांतला एक तंटा थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये निकाल झाला की, अशी पैज कोर्टातून वसूल करता येते. त्याच वर्षी सरकारने कायदा करून ती वाट बंद केली. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमात तेच तत्त्व आले. पैजेचा करार शून्य, जिंकलेल्या पैशासाठी कोर्टाचे दार बंद. मुंबई इलाख्यात १८६५ च्या एका कायद्याने पैजेला पोषक असे इतर करारही शून्य ठरवले होते. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पैजेचा करार शून्य असला तरी तेवढ्यावरून तो बेकायदेशीर ठरत नाही. पैज मारणे गुन्हा नसेल, पण ती वसूल करून द्यायला सरकार येणार नाही.

फौजदारी बाजू वेगळी. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि त्यानंतरचा १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा, हे आपल्या विषयाचे दोन खांब. मुंबईचा कायदा म्हणजे त्या शहराच्या हौशींची यादीच होय. कापसाचा आणि अफूचा भाव, त्या भावातले आकडे, पाऊस पडणे वा न पडणे, पडलेल्या पावसाचे माप, इतक्या गोष्टी त्यात कालांतराने नावानिशी आल्या. लोकांनी नवी पैज शोधावी आणि कायद्याने तिच्यामागे धावावे, असा तो क्रम. पावसाच्या सट्ट्यासाठी १८९० मध्ये सुधारणा करावी लागली. याच कायद्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही.

पुढे शंभर वर्षे वकिलांनी ज्याच्यावर पोट भरले ते हे कलम. परंतु त्याच कायद्यात सार्वजनिक जुगारगृहाची जी व्याख्या आहे तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पत्ते-फाशांच्या बाबतीत त्या व्याख्येचा कणा असा की, जागेच्या वा साधनांच्या मालकाच्या नफ्यासाठी जेथे खेळ चालतो ते जुगारगृह. म्हणजे कायद्याने खेळाबरोबर सभिकाकडेही बोट दाखवले होते.

स्वातंत्र्यानंतर हीच दोन सूत्रे सर्वोच्च न्यायालयापुढे आली. १९५७ मध्ये चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धेचा खटला गाजला. मुख्य न्यायाधीश सुधिरंजन दास यांनी अक्षसूक्तापासून मनु-याज्ञवल्क्यांपर्यंतचा इतिहास निकालपत्रात मांडला आणि जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे असे ठरवले. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते ती मात्र निराळी. पुढे सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला आला. १९६८ चा म्हणून प्रसिद्ध असलेल्या या निकालात न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवून डाव जुळवावा लागतो. तीन पानी मात्र निव्वळ नशिबाची. एवढे वाक्य सर्वांना पाठ झाले. त्याच निकालात पुढे असेही म्हटले होते की, पैशावर चाललेल्या रमीतून क्लबाचा किंवा घराचा मालक नफा काढीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकेल. आमचा हरवलेला अर्धा भाग तो हाच.

ऑनलाइन पोकर आले तेव्हा या विस्मृतीचे फळ मिळाले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळले होते. नागालँडने २०१६ मध्ये त्याला परवाने देण्याची सोय केली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगारच आहे असे म्हटले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्याला कौशल्याच्या बाजूला बसवले. एकच डाव कोलकात्यात खेळ आणि अहमदाबादेत जुगार! १ ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसवला. कौटिल्याचा राजाही असा पटाशेजारी येऊन बसला.

आता सभिकाचा हिशेब मांडू. आपल्याकडे अड्डेवाल्याच्या वाट्याला ‘नाल’ म्हणत. पोकरवाले तिला ‘रेक’ म्हणतात. समजा, सहा जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले. पटावर एकूण ६,००० रुपये. दर डावात सरासरी २०० रुपये जमतात आणि नाल शेकडा पाच, म्हणजे दर डावाला १० रुपये. मोबाइलवर पाने पिसायला वेळ लागत नाही, म्हणून तासाला ६० डाव धरू. तासाला ६०० रुपये गेले. दहा तासांत पटावरचे सहा हजारही गेले, आणि पटावर कोणी जिंकलेले नाही! खिशातून नवी भर पडली तरच पुढचा डाव. या दहा तासांत कौशल्याने एवढेच ठरवले की, कोण आधी रिकामा झाला आणि कोण शेवटी. फारच तरबेज असलेला एखादा खेळाडू नाल भरूनही काही काळ फायद्यात राहील. पण त्याचा फायदा उरलेल्या पाचांच्या खिशातूनच यावा लागतो. सभिकाला पान ओळखता आले नाही तरी चालते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी नवा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने कौशल्य की नशीब हा जुना प्रश्नच बाजूला सारला. पैसे लावून परत पैसे मिळण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कसलाही असो, पुरवणे गुन्हा ठरवले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरातदाराला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत. पैशांची ने-आण करणाऱ्यालाही कैद आणि दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. त्याच महिन्यात मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. कायद्याविरुद्धचे अर्ज निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतले. कौशल्याच्या धंद्यावर अशी सरसकट बंदी घटनेत बसते काय, हा प्रश्न हलका नव्हे, आणि तो न्यायालयानेच सोडवावा. इतिहासाच्या दृष्टीने आम्हाला एवढेच महत्त्वाचे वाटते की, दीड-पावणेदोन शतके खेळाच्या स्वरूपाचा काथ्याकूट केल्यावर कायद्याची नजर पुन्हा सभिकावर गेली.

आता श्रोत्यांपैकी जे स्वतः खेळले असतील, किंवा ज्यांच्या घरी कोणी खेळत असेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. परदेशात बसून चालवलेल्या संकेतस्थळावर पैसे भरू नयेत. तेथे फसवणूक झाली तर दाद मागायला हाताशी माणूस नाही आणि जिंकलेली पैज कोणतेही न्यायालय मिळवून देणार नाही. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. पूर्वी काही जिंकले असेल तर त्यावर ३० टक्के आयकर आहे, हे विसरू नये. हरलेले परत मिळवण्यासाठी कर्ज काढणे हा तर संवाहकाचा मार्ग, आणि प्रत्येकाला वसंतसेना भेटत नाही. मन आवरत नसेल तर १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. तेथे बोलण्यात कमीपणा नाही.

घरच्या माणसांनाही एक विनंती. मुलाने हरल्याचे सांगितले तर पहिला प्रश्न ‘किती?’ असा विचारावा, ‘का?’ हा मागाहून. आकडा एकदा घरात बोलला गेला की सावकाराची वाट बंद होते. अक्षसूक्तातल्या त्या माणसाची खरी दैना हीच होती की, रात्री त्याला आपल्या घराकडे वळता येईना.

पत्ते वाईट नाहीत, पोकरही वाईट नाही. बुद्धीला खाद्य देणारा तो खेळ आहे, आणि चिंचोक्यांवर खेळला तर त्याची गंमत तसूभरही कमी होत नाही. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी चिंचोक्यांवर एक रात्र खेळून पाहावे. सकाळी सगळे चिंचोके मोजावेत. एकही कमी भरणार नाही, कारण त्या पटावर सभिक बसलेला नव्हता.